धून चालते, मग तिचे नाव का चालू नये?

आर्मेनियन संगीतकार आरा गेवोर्ग्यान यांच्या ‘आर्त्साख’ या धुनेत एकही शब्द नाही. १९९९ सालची ही रचना लोकसंगीताच्या इतकी जवळ जाते की ऐकणाऱ्याला ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वाटावी; प्रत्यक्षात तिला एक रचनाकार आहे आणि त्याने स्वतः तिला दिलेले नाव आहे. फिगर स्केटिंग, जिम्नॅस्टिक्स अशा संगीताच्या साथीने होणाऱ्या खेळांत ती वाजली आहे, आणि तिचा चढत जाणारा ठेका पाहता खेळाडूंना ती का निवडावीशी वाटते हे कळायला फारसे श्रम पडत नाहीत. तिच्या सुरांत हरकत घेण्याजोगे काही नाही. हरकत येते ती फलकावर झळकणाऱ्या नावाला. आर्त्साख हे नागोर्नो-काराबाख या वादग्रस्त प्रदेशाचे आर्मेनियन नाव; ते अझरबैजानच्या दृष्टीने आपल्या भूमीवर दुसऱ्याने सांगितलेला हक्क आहे, आणि खेळात राजकारण आणायचे नाही असा नियम असताना असे नाव क्रीडासंघटनांनी का चालवून घ्यावे, असा त्यांच्या बाजूचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद पोकळ नाही. तरीही माझे मत असे आहे की ही धून तिच्या नावासकट वाजू दिली पाहिजे, आणि ‘धून वाजवा, पण नाव बदला किंवा झाका’ अशी जी मधली वाट सहज सुचते, ती सर्वांत वाईट आहे.

आधी नावाविषयी. आर्त्साख हा प्राचीन आर्मेनियन राज्याचा एक प्रांत होता. सातव्या शतकातील आर्मेनियन भूगोलग्रंथात त्या राज्याचे जे पंधरा प्रांत सांगितले आहेत, त्यांत त्याची गणना आहे. आर्मेनियन चर्चच्या एका धर्मप्रांताला आजही हेच नाव आहे. जगाला हा प्रदेश ठाऊक आहे तो नागोर्नो-काराबाख या नावाने, आणि या एका नावात तीन भाषा एकत्र आलेल्या आहेत: नागोर्नो म्हणजे रशियन भाषेत डोंगराळ, कारा म्हणजे तुर्की भाषेत काळा, आणि बाख म्हणजे फारसीतली तीच बाग, जी आपण मराठीतही रोज म्हणतो. एकाच डोंगराळ मुलखाला एकाने आर्त्साख म्हणायचे, दुसऱ्याने काराबाख; तेथील मुख्य शहराला एकाने स्तेपानाकेर्त म्हणायचे, दुसऱ्याने खानकेंदी; आणि कोणी कोणते नाव उच्चारले यावरून तो कोणाच्या बाजूचा हे ठरवायचे, अशी तेथील रीत होऊन बसली आहे. बेळगाव म्हटले की बेळगावी, यावरून बोलणाऱ्याची बाजू ओळखणाऱ्या मराठी वाचकाला हे निराळे समजावून सांगायला नको.

धुनेचे म्हणाल, तर तिचा बाज आपल्या कानाला परका नाही. आर्मेनियन लोकसंगीतातील मुख्य तालवाद्याचे नाव ‘ढोल’ असेच आहे. दोन्ही तोंडांवर कातडे चढवलेला, खांद्याला अडकवून हाताने किंवा काठीने वाजवायचा हा ढोल आपल्या मिरवणुकीतल्या ढोलाहून आकाराने लहान असतो, पण त्याचे काम तेच: पावलांना एकत्र आणणे. त्याच्या जोडीला असते झुर्ना, म्हणजे आपल्या सनईची सख्खी बहीण; फारसी ‘सुरनाई’पासून दोघींची नावे निघाली आहेत असे मानतात. आणि तिसरे वाद्य दुदुक, जर्दाळूच्या लाकडाचे, ज्याचा स्वर ऐकताना कोणी तरी शेजारच्या खोलीत हलक्या आवाजात रडत आहे असे वाटावे. आर्मेनियन माणूस लग्नात झुर्ना-ढोल वाजवतो आणि मयताला दुदुक. गेवोर्ग्यान यांच्या संगीताने या जुन्या वाद्यांना आधुनिक वाद्यवृंदाची जोड दिली, आणि त्यामुळे हे सूर मोठ्या मैदानांत, समारंभांत, आणि मग ओघाने क्रीडांगणातही पोहोचले.

आता १९९९ हे साल लक्षात घ्यावे लागेल. सोव्हिएत संघाच्या शेवटच्या वर्षांत, १९८८ साली, काराबाखमधील आर्मेनियन बहुसंख्याकांनी आपला प्रदेश आर्मेनियाला जोडावा अशी मागणी केली. त्यातून संघर्ष पेटला, पुढे युद्ध झाले, आणि मे १९९४ मध्ये युद्धविराम झाला तेव्हा काराबाख आणि भोवतीच्या सात जिल्ह्यांचा सर्व किंवा बराच भाग आर्मेनियन सैन्याच्या ताब्यात होता. म्हणजे ही धून आली तेव्हा तिच्या नावात विजय होता. ती ऐकून आर्मेनियाची राजधानी येरेव्हानमधल्या माणसाची छाती फुगत असली पाहिजे. त्यानंतर २७ सप्टेंबर २०२० रोजी दुसरे मोठे युद्ध सुरू झाले आणि चव्वेचाळीस दिवसांच्या लढाईने आणि तिच्या शेवटी झालेल्या कराराने अझरबैजानने गमावलेला बहुतेक मुलूख परत मिळवला. डिसेंबर २०२२ पासून काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा लाचिनचा रस्ता अडवला गेला. १९ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटचा हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी तेथील आर्मेनियनांनी शस्त्रे खाली ठेवण्याचे मान्य केले, आणि पुढच्या काही दिवसांत एक लाखाहून अधिक माणसे, म्हणजे जवळजवळ सगळीच्या सगळी लोकवस्ती, घरे सोडून आर्मेनियात निघून गेली. १ जानेवारी २०२४ रोजी आर्त्साख प्रजासत्ताक नावाची व्यवस्था कागदोपत्रीही संपली.

त्या दिवसांतली छायाचित्रे मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. डोंगराच्या वळणावळणांवरून आर्मेनियातल्या गोरिस गावाकडे सरकणारी वाहनांची रांग, टपांवर दोरीने करकचून बांधलेल्या गाद्या, उघड्या मालमोटारीत पोत्यांच्या मधोमध बसलेल्या म्हाताऱ्या बायका. एरवी काही तासांच्या रस्त्याला अनेकांना एक दिवसाहून अधिक वेळ लागला. घर सोडताना माणूस काय काय बरोबर घेतो याचा हिशेब फार क्रूर असतो. जमीन नेता येत नाही, थडगी नेता येत नाहीत, अंगणातले झाड नेता येत नाही. गावाचे नाव मात्र नेता येते, आणि सूर नेता येतात. आज ती धून वाजते तेव्हा तिच्यातला एकही स्वर बदललेला नसतो, तरीही १९९९ मध्ये जी विजयाची ललकारी होती ती आता शोकगीतासारखी ऐकू येते. म्हणूनच एखाद्या वाद्यधुनेचा ‘राजकीय अर्थ’ तिच्या सुरांत शोधून त्यावर नियम लावू पाहणे मला मुळातच चुकीचे वाटते. अर्थ ऐकणाऱ्याच्या आयुष्यात घडलेल्या गोष्टींतून येतो आणि त्या गोष्टींबरोबर तो बदलतो.

पण शोक एकाच बाजूला आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि आर्मेनियन बाजूने लिहिणाऱ्यांचा युक्तिवाद नेमका इथेच अनेकदा लुळा पडतो. १९९० च्या दशकातील युद्धात काराबाख आणि भोवतीच्या जिल्ह्यांतून पाच लाखांहून अधिक अझरबैजानी माणसे विस्थापित झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये खोजाली गावातून पळून जाणाऱ्या शेकडो नागरिकांची हत्या झाली. अग्दाम हे हजारो वस्तीचे शहर १९९३ मध्ये पडले आणि नंतर त्याच्या भिंतींचे दगडसुद्धा लोकांनी काढून नेले. वर्षानुवर्षे तिथे एक मशीद आणि पडक्या चौथऱ्यांची रांग एवढेच उरले होते. या मंडळींची मुले अझरबैजानची राजधानी बाकूजवळच्या तात्पुरत्या वसाहतींत, रेल्वेच्या जुन्या डब्यांत, शाळांच्या वर्गखोल्यांत वाढली. त्यांच्यापैकी एखादी मुलगी जिम्नॅस्ट झाली असती आणि २००५ साली एखाद्या स्पर्धेत तिच्यासमोर ‘आर्त्साख’ वाजली असती, तर तिला ती धून कशी ऐकू आली असती? तिच्या वडिलांना गावाबाहेर काढणाऱ्यांचा जल्लोष म्हणूनच. हे मान्य केल्याशिवाय या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार कोणालाच नाही असे मी मानतो.

आणि तरीही, त्याच अग्दामची एक गोष्ट माझ्या मताला बळ देते. काराबाग फुटबॉल क्लब हा मूळचा अग्दामचा. १९९३ मध्ये शहर पडल्यावर क्लब बाकूला गेला, त्याचे ‘इमारत’ नावाचे जुने मैदान उद्ध्वस्त झाले, पण क्लबने नाव सोडले नाही. ज्या प्रदेशात पाऊल टाकता येत नव्हते त्याचे नाव छातीवर घेऊन तो क्लब जवळजवळ तीन दशके खेळला, २०१७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत पोहोचणारा अझरबैजानचा पहिला क्लब ठरला, आणि युरोपातल्या मोठमोठ्या मैदानांच्या फलकांवर ‘काराबाग’ हे नाव झळकले. कोणीही म्हटले नाही की हे नाव हक्क सांगणारे आहे म्हणून क्लबने दुसरे नाव घ्यावे. म्हणू नये हेच योग्य होते. घर गेलेल्या माणसांनी खेळाच्या मैदानावर आपल्या गावाचे नाव जिवंत ठेवले यात गैर काय? मग हाच न्याय उलट बाजूच्या विस्थापितांना का नको? एका क्लबचे नाव आणि दीड-दोन मिनिटांची धून यांत वजनाने क्लबचे नाव कितीतरी जड आहे.

याला ठाम उत्तर दिले जाते, आणि ते असे: काराबाख आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार अझरबैजानचाच आहे, म्हणून ‘काराबाग’ हे नाव कायद्याला धरून आहे आणि ‘आर्त्साख’ नाही. वस्तुस्थिती म्हणून हे बरोबर आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १९९३ मध्ये चार ठराव करून अझरबैजानच्या प्रादेशिक अखंडतेचा पुनरुच्चार केला होता, आणि आर्त्साख प्रजासत्ताकाला संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्यदेशाने, अगदी आर्मेनियानेही, औपचारिक मान्यता दिलेली नव्हती. क्रीडासंघटनांनी या निकषाचा आधार घेतल्याचे उदाहरणही आहे. २०२१ च्या युरो स्पर्धेच्या वेळी युक्रेनच्या फुटबॉल संघाच्या सदऱ्यावर क्रिमियासह देशाचा नकाशा होता. रशियाने तक्रार केली. युरोपीय फुटबॉल महासंघाने नकाशा राहू दिला, कारण संयुक्त राष्ट्रांनी मान्य केलेल्या सीमा त्यात होत्या; सदऱ्याच्या गळपट्टीच्या आतल्या बाजूची ‘वीरांचा जयजयकार’ ही घोषणा मात्र राजकीय ठरवून काढायला सांगितली.

पण नकाशा आणि धून यांत फरक आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे. नकाशा विधान करतो: ही रेघ इथून जाते. त्याला खरे-खोटे ठरवता येते, म्हणून त्याला कायद्याचा निकष लावता येतो. धून असे कोणतेही विधान करीत नाही. तिच्या शीर्षकात एका जागेचे नाव आहे. ती जागा कोणाची, हे शीर्षक सांगत नाही. शिवाय जे राष्ट्र या धुनेमागे उभे आहे असे समजले जाते, त्या आर्मेनियाच्या सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये प्राग येथे १९९१ च्या अल्मा-आता जाहीरनाम्याच्या (सोव्हिएत संघ मोडताना त्यातील देशांनी एकमेकांच्या सीमा मान्य केल्या, त्याच्या) आधारे अझरबैजानची प्रादेशिक अखंडता मान्य केलेली आहे, आणि ८ ऑगस्ट २०२५ रोजी वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरे केली आहेत. ज्या राज्यसत्तेचा हक्क सांगितला जात होता असे म्हणायचे, तिने तो हक्क सोडलेला आहे. मागे उरली आहेत ती एक लाखाहून अधिक माणसे आणि त्यांच्या गावांची नावे. कायदा सीमेचा निकाल देतो. आठवणीचा निकाल देण्याचे काम त्याच्याकडे कोणी सोपवलेले नाही, आणि क्रीडासंघटनांकडे तर नाहीच नाही.

खेळाच्या नियमांकडेही नीट पाहायला हवे. ऑलिंपिक सनदेचा पन्नासावा नियम कोणत्याही स्पर्धास्थळी राजकीय, धार्मिक किंवा वांशिक प्रचार आणि निदर्शने यांना मनाई करतो. महिला जिम्नॅस्टिक्सच्या जमिनीवरील प्रकारात दीड मिनिटापर्यंतचे संगीत चालते, पण त्यात शब्द चालत नाहीत. मानवी आवाज वाद्यासारखा वापरला तर चालतो. फिगर स्केटिंगमध्ये एकेरी आणि जोडी या प्रकारांत २०१४-१५ च्या हंगामाआधी शब्दांचे गाणे वापरता येत नव्हते. गुण मिळतात ते उड्या, गिरक्या, हालचालींची रचना आणि सुरांशी जुळलेली देहबोली यांना. धुनेचे नाव परीक्षकाच्या कोणत्याच रकान्यात येत नाही. ते येते खेळाडूने आधी भरून दिलेल्या कागदावर, तेथून निवेदकाच्या तोंडी आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, खेळाडू रिंगणाच्या मधोमध उभा राहून पहिल्या स्वराची वाट पाहत असतो त्या दोन-तीन सेकंदांत. म्हणजे शीर्षक ही स्पर्धेच्या दृष्टीने एक नोंद आहे, कोणाची रचना कोणती हे सांगणारी. रचनाकाराने जे नाव प्रसिद्ध केले तेच नोंदवायचे एवढेच नोंदीचे कर्तव्य असते.

शब्द नसलेल्या धुनेतून ऑलिंपिकमध्ये उघड राजकीय गोष्ट सांगितली गेल्याचे उदाहरणही आहे, आणि ते त्या स्पर्धेच्या इतिहासातल्या सर्वांत हृद्य क्षणांपैकी एक मानले जाते. जर्मनीची कातारिना विट १९८४ मध्ये पूर्व जर्मनीकडून खेळून साराएवोला सुवर्णपदक जिंकली होती. दहा वर्षांनी, १९९४ मध्ये, नॉर्वेतील लिलेहामर येथे ती पुन्हा उतरली तेव्हा बोस्नियाच्या युद्धात साराएवो वेढ्यात होते, त्याच शहरावर तोफगोळे पडत होते, आणि ज्या क्रीडासंकुलात तिने पदक घेतले होते त्याच्या आसपास थडगी खणली जात होती. विटने लाल पोशाखात पीट सीगर यांच्या युद्धविरोधी गीताच्या चालीवर आपला कार्यक्रम सादर केला आणि तो साराएवोच्या लोकांना अर्पण केला. नियमाप्रमाणे शब्द नव्हते, फक्त चाल होती. पण ‘सारी फुले गेली कुठे’ हा प्रश्न प्रेक्षागृहातल्या प्रत्येकाच्या ओठांवर होता. ती सातवी आली. त्या चालीचे नाव फलकावरून काढा, असे म्हणण्याचे कोणाला सुचले नाही. त्यात कोणा एका देशाची बाजू नव्हती, ती केवळ शांततेची हाक होती, असे म्हणून हे उदाहरण बाजूला सारता येईल. पण साराएवोचे नाव घेतल्यावर वेढा कोणी घातला हे जगाला ठाऊकच होते.

उलट, सुरांना राष्ट्रीयत्वाच्या चाळणीतून चाळायला निघाले की काय होते हे २०२१ मध्ये दिसले. उत्तेजकांच्या प्रकरणामुळे रशियाला स्वतःचे राष्ट्रगीत वाजवण्यास बंदी होती. त्याऐवजी ‘कात्यूशा’ हे सोव्हिएत काळातले गाणे वापरावे असा प्रस्ताव रशियाने दिला. तो क्रीडा लवादाच्या निर्णयाशी विसंगत ठरून फेटाळला गेला. मग चायकोव्हस्की यांच्या पहिल्या पियानो कॉन्चेर्टोचा तुकडा मंजूर झाला, आणि टोकियोत आणि नंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये बीजिंगमध्ये रशियन विजेत्यांसाठी तोच वाजला. आता या कॉन्चेर्टोविषयी संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी की त्याच्या पहिल्या भागातील एक मुख्य चाल चायकोव्हस्कींनी युक्रेनमधल्या कामेन्का येथे आंधळ्या भिकारी गायकांच्या तोंडून ऐकली होती, आणि शेवटच्या भागातही युक्रेनी लोकगीताची चाल आहे. बीजिंगच्या स्पर्धा २० फेब्रुवारीला संपल्या. चार दिवसांनी रशियन रणगाडे युक्रेनमध्ये शिरले. कोणता सूर कोणाचा आणि कोणता ‘निरुपद्रवी’, हे ठरवणाऱ्या समित्या किती निसरड्या जमिनीवर उभ्या असतात हे यावरून समजावे.

राहिला प्रश्न मधल्या वाटेचा. धून राहू द्यावी, पण फलकावर फक्त रचनाकाराचे नाव द्यावे किंवा ‘आर्मेनियन लोकधून’ असे काही तरी लिहावे, म्हणजे कोणाचेच मन दुखणार नाही, असे सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण ही युक्ती फार जुनी आहे आणि तिचा जन्म चांगल्या घरात झालेला नाही. फिनिश संगीतकार जाँ सिबेलियस यांची ‘फिनलँडिया’ ही रचना १८९९ सालची. तेव्हा फिनलंड रशियन साम्राज्यात होता आणि झारच्या अधिकाऱ्यांना या रचनेच्या नावातला देश सहन होत नव्हता. म्हणून ती निरुपद्रवी वाटतील अशी दुसरी नावे देऊन सादर करावी लागत असे. त्याने काय साधले? सभागृहात बसलेल्या प्रत्येक फिनिश माणसाला धून कोणती ते ठाऊक होते, आणि नाव लपवावे लागते याचेही त्याला भान होते. त्यामुळे लपवलेले नाव उच्चारलेल्या नावापेक्षा मोठ्याने ऐकू येऊ लागले. नऊ वर्षांनी, १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये, फिनलंडच्या पथकाला स्वतःचा ध्वज नेता आला नाही, म्हणून ते ध्वजाशिवाय चालले, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो नेमका तो रिकामा हात. नाव झाकल्याने शांतता येत नाही. ज्याचे नाव झाकले त्याच्या मनात अपमान तेवढा घट्ट होतो, आणि ज्याच्या मागणीवरून झाकले त्याला पुढची मागणी सुचते. आज धुनेचे नाव, उद्या नृत्याचे, परवा खेळाडूच्या जन्मगावाच्या रकान्यातले. आर्त्साखमध्ये जन्मलेल्या खेळाडूने आपले जन्मस्थान काय लिहावे, हा प्रश्न काल्पनिक नाही. अशी शेकडो मुले आज येरेव्हानच्या व्यायामशाळांत सराव करीत असतील.

मग कशालाच मनाई नको काय? हवी, आणि तिची जागाही स्पष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये दोहा येथील जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत रशियाचा इव्हान कुलियाक हा छातीवर ‘झेड’ हे अक्षर चिकटवून पदकाच्या चौथऱ्यावर युक्रेनच्या विजेत्याशेजारी उभा राहिला. त्या वेळी त्याच अक्षराचे रणगाडे त्या युक्रेनी खेळाडूच्या देशात फिरत होते. त्याला एका वर्षाची बंदी झाली आणि ती रास्त होती, कारण ते चिन्ह समोर उभ्या असलेल्या माणसावर रोखलेले होते. एप्रिल २०२३ मध्ये येरेव्हान येथील युरोपीय वेटलिफ्टिंग स्पर्धेच्या उद्‌घाटन सोहळ्यात अझरबैजानचा ध्वज पेटवण्यात आला आणि अझरबैजानी पथक स्पर्धा सोडून परत गेले. २०१५ मध्ये बाकूत पहिल्या युरोपीय क्रीडास्पर्धांच्या संचलनात आर्मेनियन खेळाडूंची हुर्यो झाली होती. २०१९ मध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना बाकूत होता म्हणून आर्सेनलचा आर्मेनियन खेळाडू हेन्रिख म्खितार्यान सुरक्षेच्या चिंतेमुळे तिथे गेलाच नाही. खेळात राजकारण आले असे म्हणायचे तर ते या ठिकाणी आले: कोणाचा तरी खेळण्याचा हक्क, सुरक्षितता किंवा सन्मान हिरावला गेला तिथे. नियमांची धार इथे लावावी. धुनेने कोणाला खेळण्यावाचून रोखलेले नाही.

याच कसोटीने आर्मेनियन खेळाडूंवरही काही बंधने येतात, आणि ती मी आडपडदा न ठेवता लिहितो. ही धून लावून कोणी अंगावर लष्करी गणवेशाची नक्कल केली, हातात संपुष्टात आलेल्या प्रजासत्ताकाचा ध्वज फडकवला किंवा कार्यक्रम संपताच अझरबैजानच्या खेळाडूकडे पाहून काही खुणा केल्या, तर ते कृत्य शिक्षेस पात्र ठरावे, धून कितीही सुंदर असो. प्रशिक्षकांनी आणि राष्ट्रीय संघटनांनी ही निवड करताना मुलांना ती धून काय आहे, ती कोणत्या दिवसांत जन्मली आणि समोरच्या रांगेत बसलेल्या अग्दामच्या एखाद्या माणसाला ती कशी ऐकू येईल, हे सांगितले पाहिजे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या पाठीवर राष्ट्राचे दुःख लादून तिला बर्फावर ढकलायचे आणि वादळ उठले की तिलाच पुढे करायचे, हा प्रकार कोणत्याही देशात होऊ नये. पण जी मुलगी स्वतः गोरिसच्या त्या रस्त्याने आली असेल आणि तिला आपले चार मिनिटांचे आयुष्यभराचे काम याच सुरांवर करायचे असेल, तिला ‘दुसरे काही तरी घे’ असे सांगण्याचा अधिकार मी कोणत्याही समितीला देणार नाही.

आर्मेनियन संगीत खेळाला नवे नाही, हेही लक्षात ठेवावे. आराम खाचातुर्यान यांच्या ‘गायाने’ बॅलेमधला तलवारनृत्याचा तुकडा आणि ‘मास्करेड’मधले वॉल्ट्झ यांवर जगभरचे स्केटर आजवर नाचले आहेत, जपानच्या माओ आसादाचा २००८-०९ च्या हंगामातला कार्यक्रम त्या वॉल्ट्झवरच होता. ‘गायाने’ १९४२ साली, ऐन महायुद्धात, सामूहिक शेतीवर काम करणाऱ्या देशभक्त माणसांची कथा म्हणून रंगमंचावर आली होती. तिच्यातले राजकारण आज कोणाच्या ध्यानीमनीही नाही. ‘आर्त्साख’चेही कधी तरी असेच होईल, पण ती वेळ काळाने ठरवायची आहे, एखाद्या संघटनेच्या कार्यालयातून निघालेल्या पत्राने नव्हे.

आणि हा न्याय दोन्ही बाजूंना सारखाच लागू झाला पाहिजे, अन्यथा त्याला अर्थ नाही. अझरबैजानी संगीतात ‘काराबाख शिकस्तेसी’ नावाची एक जुनी, आर्त रचना आहे; शुशा हे डोंगरमाथ्यावरचे शहर मुगाम या पारंपरिक गायकीचे माहेरघर मानले जाते, आणि अझरबैजानी माणूस ते गमावल्याचे दुःख याच सुरांतून अठ्ठावीस वर्षे गात राहिला. एखाद्या अझरबैजानी जिम्नॅस्टने उद्या ती चाल निवडली, तर येरेव्हानमधून तिच्या नावाला हरकत येऊ नये आणि आलीच तर ती फेटाळली जावी. आंतरराष्ट्रीय संघटनांनी एक छोटा, सर्वांना समान नियम लेखी करावा: शब्दविरहित रचनेचे शीर्षक रचनाकाराने प्रसिद्ध केले तसेच, रचनाकाराच्या नावासह नोंदवले आणि दाखवले जाईल, आणि केवळ त्या शीर्षकात एखाद्या जागेचे नाव आहे या कारणावरून कोणतीही तक्रार विचारात घेतली जाणार नाही. असा नियम झाला, तर एकाच स्पर्धेत, एकाच फलकावर, सकाळी ‘काराबाख शिकस्तेसी’ आणि दुपारी ‘आर्त्साख’ ही दोन्ही नावे उमटू शकतील, आणि त्याच डोंगरांतून वेगवेगळ्या वर्षी हुसकावल्या गेलेल्या दोन घरांतल्या मुली आपापली पाळी येईपर्यंत एकाच बाकावर बसून एकमेकींची धून पूर्ण ऐकू शकतील.